गाठ सुईने तपासायची की काढून?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, जखम भरली की उतरतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ज्याची प्रतिकारशक्ती मुळातच अधू आहे, किंवा जो किडनी बदलल्यावर ती दाबणाऱ्या गोळ्या घेतो, त्याच्या मानेत किंवा काखेत गाठ दोन-चार आठवडे टिकली तर ती तपासायलाच हवी.

सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, ओपीडीतच उरकते. टाका नाही, खर्च कमी. चंदगडहून कोल्हापूरला आलेला माणूस संध्याकाळच्या एसटीने घरी. एरवी धडधाकट असलेल्याने आधी हीच करावी. मात्र सुईत सुट्या पेशी येतात, गाठीची रचना कळत नाही. लिम्फोमा, म्हणजे अशा गाठींचा कॅन्सर, निसटू शकतो आणि कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायला, माल कमी पडतो.

गाठ काढायची तर भूल, टाके, व्रण आणि मानेत नस दुखावण्याचा थोडा धोका. तरीही प्रतिकारशक्ती कमी असेल आणि गाठ हाताशी असेल, तर माझं मत याच बाजूने. अशा माणसाला नोकार्डिया नावाचे मातीतले जंतू किंवा क्षयाच्या जंतूंचे भाऊबंदही गाठतात, आणि ते नेमके कोण हे कल्चरच सांगतं. इथेच घोळ होतो: अख्खी गाठ फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ती टिकवायच्या रसायनात, टाकली की जंतू मेले, कल्चर संपलं. एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला पाठवा, हे ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगा. रुग्ण मधुमेही असून पावसाळ्यात भाताच्या चिखलात राबत असेल तर मेलिऑइडोसिसचं, म्हणजे माती-चिखलातल्या जंतूने होणाऱ्या आजाराचं, नावही काढा. त्याचा जंतू लॅबमध्ये साधा स्यूडोमोनास हा दुसराच जंतू समजला जाऊ शकतो.

गाठ खोल असेल तर सोनोग्राफीत बघून जाड सुईने तुकडा घेतात. हा मधला मार्ग.

तपासणीविना ‘टीबीच असेल’ म्हणून 6 महिन्यांची औषधं सुरू करणं हाही आपल्याकडचा एक पर्याय. आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो. पण भाऊबंदांना औषधं वेगळी लागतात. सीबीनॅट ही जंतूची जनुकं शोधणारी तपासणी सुमारे 2 तासांत टीबी दाखवते, हे भाऊबंद दाखवत नाही. कल्चरला 6 आठवडेही लागतात.

अशी दुखणी वारंवार होत असतील तर एचआयव्ही, साखर आणि इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं) इथेच तपासून घ्या. पुढच्या खास तपासण्यांसाठी परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या राष्ट्रीय संस्थेकडे पाठवलं, तर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसताना स्लाइड, ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि कल्चरचे सगळे रिपोर्ट सोबत असू द्या.