गांडूळ खत घ्या, पण युरियाच्या जागी नको

नागपूरजवळच्या कळमेश्वरकडच्या एका गांडूळ खत केंद्रातून यंदा गव्हासाठी गांडूळ खत आणलं. ४० किलोची बॅग ४०० रुपयांना. माल चांगला आहे, हे आधीच सांगते. चहापत्तीसारखा मोकळा, शेणाचा वास नाही, प्लास्टिकचे तुकडे नाहीत. मुठीत दाबला की गोळा होतो, बोट लावलं की फुटतो. ओलावा १५ ते २५ टक्के असावा असा नियम आहे. त्याहून ओली बॅग म्हणजे पाण्याचे पैसे. इथं तसं काही नव्हतं.

तक्रार आहे ती बॅगवरच्या एका ओळीबद्दल: ‘युरियाची गरज नाही’.

बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, म्हणजे एकरी ४८. गांडूळ खतात किमान १ टक्का नत्र धरलं तर एका बॅगेत ४०० ग्रॅम. सगळी भिस्त त्यावरच ठेवायची तर एकरी १२० बॅगा, ४८ हजार रुपये! युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास पावणेएकवीस किलो नत्र येतं, २६६ रुपये ५० पैशांत. शिवाय गांडूळ खतातलं सगळं नत्र त्याच हंगामात पिकाला मिळत नाही. जिवाणू ते हळूहळू मोकळं करतात आणि थंडीत तेही मंदावतात.

म्हणून वावरात लोकवन जातीच्या गव्हाचे दोन पट्टे ठेवले. एकात नुसतं गांडूळ खत. दुसऱ्यात तेच खत, पेरणीबरोबर डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) आणि पहिल्या पाण्याला युरिया. नुसत्या खताच्या पट्ट्यात फुटव्यांच्या वेळीच खालची पानं पिवळी पडली. पुढे दाण्यावर पांढुरके, पिठूळ डाग आले. ही नत्र कमी पडल्याची खूण, आणि नत्र कमी पडलं की दाण्यात प्रथिनं घटतात.

आपल्याकडे विदर्भात गव्हाची खरी परीक्षा लांब रोटीची. सैल कणीक आपटून आपटून मळायची, हातावर ताणायची आणि उपड्या मडक्यावर टाकायची. ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, कमी असलं की ती हातावरच फाटते. पहिल्या पट्ट्यातल्या गव्हाची फाटली. दुसऱ्याची कोपरापर्यंत उतरली, सासूबाई लगेच म्हणाल्या, “हाच गहू घरी ठेव.”

मग गांडूळ खत घ्यायचं कशाला? जमिनीसाठी. माझ्या मृदा आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या कार्डात) सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत येणारा कार्बन, ०.४२ टक्केच आहे. युरिया कितीही टाका, त्यातून हा कर्ब वाढत नाही. इंग्लंडच्या रोथॅमस्टेडला १८४३ पासून गव्हावर प्रयोग चालू आहे. तिथं दरवर्षी शेणखत मिळालेल्या जमिनीत नुसत्या रासायनिक खताच्या जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त सेंद्रिय कर्ब आहे. पण ते पिढ्यान् पिढ्यांचं काम, आणि आपल्या उन्हात कर्ब जळतोही लवकर. एका हंगामात मला दिसलं ते एवढंच, की खताच्या पट्ट्यांत भेगा कमी पडल्या आणि पाणी पटकन मुरलं. जमिनीत जस्त (झिंक) कमी असेल तर या खताच्या भरवशावर राहू नका, एकरी १० किलो झिंक सल्फेट वेगळं द्या.

केंद्रवाल्या दादांनी गाडी थेट वावरात आणून उतरवून दिली, बोलणंही गोड. मात्र तपासणीचा रिपोर्ट मागितला तर नव्हता. तो दाखवला आणि ती ओळ काढली, तर पुढच्या पेरणीला पन्नास बॅगा त्यांच्याकडूनच घेईन.