टोमॅटोचं कलम म्हणून साधी रोपं गळ्यात मारली

पावसाळा सरला की डिचोली-सत्तरीकडे परसातल्या टोमॅटोची गडबड सुरू होते. तेव्हाच टेम्पोत रोपं घालून विकणारेही वाड्यावाड्यांवर फिरतात. त्यांतल्या एकाने आमच्या वाड्यावरच्या बऱ्याच घरांना फसवलं, आम्हालाही. तो अजून विकतोय, म्हणून लिहिते आहे.

गोव्यात टोमॅटो लावणाऱ्याला धास्ती असते ती मर रोगाची. तो मातीतल्या एका जिवाणूमुळे होतो, आणि आम्लधर्मी माती आणि उष्ण, दमट हवा या जिवाणूला मानवते. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, रात्री सावरतं आणि थोड्याच दिवसांत उभंच्या उभं जातं. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो, फवारणीला दाद देत नाही. यावर खरा उपाय आहे तो मर सोसणाऱ्या वांग्याच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या देठावर, टोमॅटोचं कलम करण्याचा. कोवळे देठ तिरके कापून, क्लिप लावून आठवडाभर दमट सावलीत जपावे लागतात, त्यामुळे ही रोपं महाग असतात.

या माणसाने साध्या रोपांनाच क्लिपा अडकवल्या होत्या. भाव कलमाचा. वर जाताना आपुलकीने सांगून गेला, "वहिनी, मोठ्या कुंडीत लावताना देठ खोल पुरा हां, मुळं भरपूर फुटतील." साध्या टोमॅटोला हे अगदी योग्य, म्हणून कुणाला शंका आली नाही. कलमाचा सांधा मात्र मातीच्या वरच ठेवायचा असतो. तो गाडला गेला तर टोमॅटोच्या देठाला मुळं फुटतात आणि वांग्याचा खुंट असून नसल्यासारखा होतो. सांधा नव्हताच, हा पुरावा त्याने आमच्याच हातांनी मातीत पुरायला लावला. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

फुलं धरली आणि झाडं माना टाकू लागली. एक उपटून धुतलं, तर देठ मुळापर्यंत सलग. कापलेला तुकडा ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरला तेव्हा दुधासारखी धार उतरली. ही मर रोगाच्या जिवाणूचीच खूण. शेजारच्या आजींनी तर परसातली सगळी जागा याच रोपांना दिली होती. त्यांचा हंगाम गेला.

पैसे देण्याआधी क्लिपखालचा देठ बोटांनी चोळून हुंगा. टोमॅटोचा उग्र वास आला तर खाली वांगं नाही. क्लिप सरकवून तिरका व्रण आणि फुगीर गाठ दिसते का पाहा. बिलावर 'वांग्याच्या खुंटावरचं कलम' असं लिहून घ्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण बिल हातात नसलं की फसवणूक दाखवून देणं कठीण जातं. कलम परवडत नसेल तर बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' हे संकरित वाण मर रोगाला प्रतिकारक आहे. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारून वाण ठरवा.

आणि मेलेल्या रोपांची माती मिरची-वांग्याला वापरू नका, त्यांनाही हाच जिवाणू लागतो. आम्ही त्या वाफ्यात यंदा अळसांदे, म्हणजे चवळी, पेरले आहेत.