मुंबई ग्राहक पंचायतीचे वाणसामान: दुकान नसलेली खरेदी

वाणसामानाचा खर्च कमी करायचा म्हटले की बहुतेक घरांत प्रथम दरांची तुलना सुरू होते. तूरडाळ कोठे चार रुपयांनी स्वस्त आहे, तेलाच्या डब्यावर कोण किती सूट देतो, याचा शोध घेतला जातो. ग्राहक चळवळीचे प्रणेते बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संस्थेच्या मासिक वितरण व्यवस्थेतली बचत मात्र केवळ दरात शोधू नये. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ स्थापन करतात, प्रत्येक घर महिन्याची मागणी आधीच नोंदवते, आणि संस्थेने घाऊक प्रमाणात खरेदी केलेला माल संघातील एका घरी पोहोचल्यावर सभासदच त्याचे वाटप करतात. या साखळीत दुकानाचे भाडे नाही, सजावट नाही आणि विक्रेत्यांचा पगारही नाही, त्यामुळे दर वाजवी ठेवणे शक्य होते.

तरीही माझ्या मते खरा फायदा मागणीपत्रकाचा आहे. ते भरण्यापूर्वी डबे उघडून पाहावे लागतात. किती साखर उरली आहे, मागच्या महिन्याचा रवा संपला की नाही, हे कळल्याशिवाय आकडा लिहिता येत नाही. मोठ्या दुकानात ढकलगाडी घेऊन फिरताना यादीत नसलेली बिस्किटे, ‘एकावर एक मोफत’ मिळणारे सॉस आणि गल्ल्याजवळ मांडलेली चॉकलेटे नकळत बिलात शिरतात, आणि घरपोच सेवा देणाऱ्या ॲपवर तर वितरणशुल्क वाचवण्यासाठी आपणच नको असलेली वस्तू शोधत बसतो. (हे शुल्क वाचवण्याचे गणित कोणाला फायद्याचे ठरते, हे वेगळे सांगायला नको.) छापील कागदासमोर बसलेल्या माणसाला असा मोह फारसा होत नाही.

मर्यादा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. दुकानात मिळते तेवढी विविधता येथे नाही. विशिष्ट ब्रँडचाच चहा हवा असणाऱ्यांना तो वेगळा आणावा लागेल. प्रत्येक वस्तू बाजारातल्या सर्वांत कमी दराने मिळेल असेही नाही, कारण मोठी साखळी-दुकाने एखादा जिन्नस फार स्वस्त लावून गिऱ्हाईक आत ओढू शकतात. वाटपाच्या दिवशी माल उतरवणे, मोजणे आणि हिशेब जुळवणे यासाठी सभासदांना वेळ काढावा लागतो, जो नोकरी करणाऱ्या जोडप्यांकडे बहुधा नसतो. लहान घरात महिन्याचे सामान साठवण्याचा प्रश्न निराळाच. पावसाळ्यात डाळी-पिठांना कीड लागली तर वाचलेले पैसे तिथेच जातात.

चार-पाच माणसांचे, घरी नियमित स्वयंपाक होणारे कुटुंब असेल आणि इमारतीत वाटपाला उभे राहणारे शेजारी असतील, तर ही व्यवस्था मी निःसंकोच सुचवीन. एकट्या राहणाऱ्याला कोपऱ्यावरचा वाणी अधिक सोयीचा आहे, कारण तो पावशेर डाळही देतो.