विमानतळाजवळचं होर्डिंग घेताय? आमचं काय झालं ते वाचा

आमचा धंदा बाहेरगावाहून उतरणाऱ्या प्रवाशांवर चालतो, म्हणून विमानतळाच्या रस्त्यावर होर्डिंग घ्यायचं ठरलं. एजन्सीने बोर्डाच्या फोटोवर आमची जाहिरात चिकटवून पाठवली आणि लगेच घाई सुरू केली: दुसरी पार्टी तयार आहे, आजच अ‍ॅडव्हान्स भरा.

बोर्ड खोटा नव्हता. पण तो दुतोंडी होता. फोटो होता विमानतळातून बाहेर येणाऱ्यांना दिसणाऱ्या बाजूचा आणि आमचा फ्लेक्स चढला विमानतळाकडे निघालेल्यांच्या बाजूला. परत निघालेल्या माणसाला आमचा काय उपयोग? वर्क ऑर्डरवर साइटचं नाव आणि माप होतं, दिशा कुठेच नव्हती. ती मुद्दामच गाळली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दर लावला होता प्रकाशित बोर्डाचा, रात्री मात्र अंधार. विचारलं तर म्हणे विमानतळाचा नियम. नियम खराच आहे. वैमानिकाचे डोळे दिपवणारे किंवा त्याला चकवणारे दिवे विमानतळाजवळ झाकावे किंवा बंद करावे लागतात, बोर्डाच्या उंचीवरही मर्यादा असते. पण हे एजन्सीला पैसे घेताना माहीत नव्हतं?

त्यांनी दाखवलेला प्रवाशांचा आकडाही असाच. तो अख्ख्या विमानतळाचा होता. त्यात जाणारे आले आणि आतल्या आत दुसरं विमान पकडणारेही, जे रस्त्यावर येतच नाहीत.

दर महिन्याला ‘बोर्ड लागलेला आहे’ असा तारखेसकट फोटो यायचा. एकदा सगळे शेजारी ठेवून पाहिले. प्रत्येकात तोच टेम्पो, त्याच जागी, सावलीसुद्धा तीच! खांबाच्या पायथ्याशी परवानाधारकाचा नंबर होता, तिथे फोन लावला. एजन्सी निव्वळ मधली दलाल निघाली. तिने जागा आमच्या कराराच्या मुदतीपेक्षा कमी दिवसांसाठी घेतली होती आणि आमचा फ्लेक्स केव्हाच उतरला होता.

तुम्ही घेणार असाल तर गाडीत बसून, ज्या दिशेने तुमचं गिऱ्हाईक येतं त्याच दिशेने, दिवसा आणि रात्री जाऊन बघा. परवान्याची प्रत मागा, मूळ मालकाशी बोला. दिशा, दिव्यांचे तास, चढवण्या-उतरवण्याच्या तारखा वर्क ऑर्डरवर लिहून घ्या.

आमच्या नोटिशीला त्यांचं उत्तर आलंय: फोटो तुम्ही मंजूर केला होता. शेवटचा हप्ता आम्ही अडवून धरलाय, आधीच्या पैशांसाठी वकील कागद तयार करताहेत.