मिनी-राइट पीक फ्लो मीटर: यंत्र साधं, फुंकर मात्र नीट हवी

प्लास्टिकची नळी, आत स्प्रिंगवर सरकणारा पिस्टन, बाहेर पट्टीवर काटा. बॅटरी नाही की चार्जिंग नाही. दम्याच्या रुग्णाने घरी श्वासाचा जोर मोजायचं हे साधन, ब्रिटिश संशोधक मार्टिन राइट यांनी १९५९मध्ये मांडलेल्या मोठ्या मीटरचं हातात मावणारं रूप. फुंकताना हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर पडली, ते मिनिटाला लिटरमध्ये दाखवतं. मोठ्यांसाठी ६० ते ८०० ची पट्टी. लहान मुलांसाठी किंवा आकडा फारच कमी येत असेल तर कमी पट्टीचं मॉडेल घ्यावं.

आकडा चुकतो तो बहुतेकदा फुंकण्यात. काटा तळाशी आणा, उभे राहा, छाती पूर्ण भरा, ओठ नळीभोवती घट्ट आवळा आणि श्वास न रोखता एका झटक्यात फुंका. लांबवत फुंकून काही मिळत नाही. मोजलं जातं ते पहिल्या क्षणातच. थुंकल्यासारखी जीभ मारली किंवा खोकला आला, तर काटा खोटाच वर उडतो. बोट काट्याच्या खाचेत आलं की तो अडतो, हे तर नेहमीचंच. तीनदा फुंका आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहा, सरासरी नको. सगळ्यांत मोठ्या दोन आकड्यांत ४० पेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा फुंका.

फुंकायचं सकाळ-संध्याकाळ, पंप (इनहेलर) घेण्याआधी, ठरलेल्या वेळी. दमा आटोक्यात असताना दोन आठवडे नोंदी ठेवल्या की स्वतःचा सर्वोत्तम आकडा कळतो. तक्त्यातल्या उंची-वयाच्या आकड्यापेक्षा तोच कामाचा. समजा तो ४५० आहे. मग ३६० च्या (८० टक्के) वर हिरवा पट्टा म्हणजे ठीक, २२५ (५० टक्के) पर्यंत पिवळा म्हणजे सावध, त्याखाली लाल. लाल म्हणजे डॉक्टरांनी तातडीसाठी दिलेला पंप घेऊन थेट हॉस्पिटल, वाट पाहणं नाही.

सकाळी ३४० आणि संध्याकाळी ४२० असं रोज होत असेल, तर संध्याकाळच्या हिरव्या आकड्यावर विसंबू नका. फरक ८०, सरासरी ३८०, म्हणजे २१ टक्के. मोठ्यांमध्ये एक-दोन आठवड्यांच्या अशा फरकांची सरासरी १० टक्क्यांवर गेली तरी ती जास्त धरतात.

उणिवाही आहेत. बारीक श्वासनलिकांतला अडथळा यात नीट दिसत नाही, त्यामुळे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची सविस्तर तपासणी, टळत नाही. आकडे साठवले जात नाहीत, वही ठेवावीच लागते. पाच वर्षांखालच्या मुलांना फुंकणं सहसा जमत नाही.

धुताना कोमट साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, आणि पूर्ण वाळू द्या; ओल राहिली की पिस्टन अडखळतो. वाळल्यावरही काटा अडखळत असेल तर मीटर बदला. मात्र दोन मीटरचे आकडे जुळतातच असं नाही, म्हणून नव्यावर सर्वोत्तम आकडा पुन्हा काढा.