एकच आवाज पुरतो! सायफाय-फँटसी ऑडिओबुकं ऐकणाऱ्याचं मत

सायफाय किंवा फँटसीचं ऑडिओबुक घेताना मी लेखकाच्याही आधी वाचणाऱ्याचं नाव बघतो. बाकी कादंबऱ्यांना वाचणारा जेमतेम असला तरी निभावून जातं, कारण घर, गल्ली, भांडणं सगळं आपल्या ओळखीचं असतं. पण इथं ग्रह नवा, प्राणी नवे, गावांची नावं नवी, आणि ते सगळं एकाच माणसाच्या तोंडून आपल्यापर्यंत येणार. त्या माणसाचा स्वतःचा त्या जगावर विश्वास नसला ना, की पहिल्या दहा मिनिटांत कळतं बघा.

'प्रोजेक्ट हेल मेरी' घ्या. अँडी वीअरची २०२१ ची कादंबरी, वाचलीय रे पोर्टरनं, सोळा तासांच्या आसपास आहे, आणि २०२२ चा ऑडिओबुक ऑफ द इयरचा ऑडी अवॉर्ड तिलाच मिळाला. एक माणूस यानात जागा होतो, त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही, पण हातातली वस्तू खाली पडते तेव्हा काहीतरी चुकतंय एवढं जाणवतं, मग तो वेळ मोजतो, हिशोब करतो आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा बरंच जास्त आहे हे शोधून काढतो. कागदावर हे गणित वाटेल, पण पोर्टर ते असं वाचतो की माणूस खरंच आत्ता विचार करतोय, अडखळतोय, मग एकदम सापडल्यावर त्याचा आवाज वर जातो. सगळी गोष्ट 'मी' मध्ये आहे याचाही फायदा होतो, कुणीतरी शेजारी बसून आपल्यालाच सांगतंय असं वाटतं.

(पुढचा भाग ज्यांना गोष्ट माहीत करून घ्यायची नाही त्यांनी सोडा.) त्यात रॉकी नावाचा परग्रहवासी आहे आणि तो सुरांत बोलतो. छापील पुस्तकात तिथं संगीताच्या खुणा छापल्यात, आपण फक्त बघून पुढं जातो, ऑडिओत मात्र ते सूर खरोखर वाजतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या. हे दोघं एकमेकांची भाषा शिकतात ते आपण कानानं शिकतो त्यांच्यासोबत, आणि मग रॉकी तुटक वाक्यांत बोलायला लागतो तोवर तो आपला झालेला असतो. छापील पुस्तकापेक्षा ऑडिओ भारी, असं मी फार कमी पुस्तकांबद्दल म्हणेन, याच्याबद्दल ठामपणे म्हणतो.

पण यावरून काही लोकांनी भलताच धडा घेतला. मधे एका अ‍ॅपवर मराठी विज्ञानकथा ऐकायला घेतली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागं सिंथेसायझरची धून, दार उघडलं की दाराचा आवाज, यान उडालं की फटाक्यासारखा आवाज, आणि त्या सगळ्यात वाचणारी बाई बिचारी काय म्हणतेय तेच ऐकू येईना. 'प्रकाशवर्ष' हा शब्द असा पटकन म्हणून टाकला की जणू ते बसचं तिकीट आहे. अरे, तिथं थांबायला पाहिजे, ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते अंतर पसरायला पाहिजे! रॉकीचे सूर चालतात कारण सूर हीच त्याची भाषा आहे. बाकी ठिकाणी आवाज घालायचं काय काम?

आमच्याकडं मराठवाड्यात कीर्तन ऐकत मोठी झालेली माणसं आहेत. एक बुवा उभा राहतो आणि रावण तोच, मंदोदरीही तोच, हनुमानही तोच, आवाज जरासा तिरपा केला की आपल्याला कळतं कोण बोलतंय. त्याच्यामुळं असेल, मला पाच-सहा जणांचा ताफा घेऊन केलेली ऑडिओबुकं पटत नाहीत. 'ड्यून' या वाळवंटी ग्रहावरच्या कादंबरीचं जे २००७ चं ऑडिओबुक आहे त्यात हीच अडचण होते. सायमन व्हान्स मुख्य वाचणारा, माणूस उत्तम, पण काही प्रकरणांत वेगवेगळे कलाकार पात्रांचे संवाद म्हणतात आणि काही प्रकरणांत सगळं व्हान्स एकटाच वाचतो. म्हणजे त्यातला खलनायक बॅरन, त्याचा आवाज आत्ता एक, थोड्या वेळानं दुसरा. एकवीस तासांचं पुस्तक, त्यात पात्रं मनातल्या मनात बोलतात ते वेगळंच, कोण बोललं आणि कोण नुसतं मनात म्हणालं हे ओळखण्यात जीव जातो. तरी ते ऐकाच असं सांगेन, कारण वाळवंट, पाण्याचा थेंबन् थेंब जपणारी माणसं, हे लातूरकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आमचं. आणि त्यातले महदी, जिहाद, शैतान हे शब्दही कानाला परके नाहीत, निजामाच्या मुलखातली बोली आहे आपली. फक्त पुस्तक वाचून झालेलं असेल तर जास्त मजा येईल.

फँटसीत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' दोघांनी वाचलेलं मिळतं. रॉब इंगलिसचं १९९० चं आणि अँडी सर्किसचं २०२१ चं. सर्किस म्हणजे याच गोष्टीच्या सिनेमात गॉलम हे पात्र केलेला नट, त्यामुळं गॉलमचा विषयच संपला. बुटके, परीलोकाची माणसं, झाडं, प्रत्येकाला त्यानं निराळा आवाज दिलाय, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तेच बरं, एवढ्या नावांत माणूस हरवत नाही. पण कुजबुजतो तेव्हा काही ऐकू येत नाही म्हणून एसटीत आवाज वाढवावा आणि पुढच्या मिनिटाला लढाई सुरू होऊन कान बधिर व्हावेत, असं होतं. इंगलिस सावकाश आहे, आजोबांसारखा. त्या पुस्तकातली गाणी छापील वाचताना भलेभले लोक गाळतात, इंगलिस ती सरळ गातो! चाल लावून, न लाजता. मला विचाराल तर मन त्याच्याकडंच जातं.

ऐकायचं कधी, हेही महत्त्वाचं आहे. रब्बीत शेतीची लाईट रात्री असते, हरभऱ्याला पाणी द्यायला जागावंच लागतं, हात पाण्यात आणि कान मोकळे. अण्णा विचारतात, "काय ऐकूलालास रे एवढं रातभर?" वर आभाळ भरून तारे असतात आणि कानात कुणीतरी दुसऱ्या सूर्याकडं निघालेलं असतं, यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. मराठी मीडियमवाल्यांनी इंग्रजी ऐकताना पहिला तास स्पीड थोडा कमी ठेवा, कान बसला की आपोआप नॉर्मलला येता. आणि फँटसी असेल तर नकाशा मोबाईलवर आधी बघून घ्या, ऐकताना पानं मागं उलटता येत नाहीत.

आता मराठीचं. ज्या मुलखात गुणाढ्य या जुन्या कथाकाराची गोष्ट सांगितली जाते तिथं ऐकायच्या अद्भुत कथांचा दुष्काळ असावा याचं मला खरंच वाईट वाटतं. पैठणच्या सातवाहन राजानं त्याची बृहत्कथा नाकारली, मग तो रानात बसून एकेक पान मोठ्यानं वाचायचा आणि आगीत टाकायचा, आणि जनावरं चरायचं सोडून ऐकत उभी राहायची, असं कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहात आहे. सात लाख श्लोकांतले एक लाखच शिल्लक राहिले म्हणे. तिथं होतं काय, तर एक माणूस आणि त्याचा आवाज.

जयंत नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावानं पाठवली होती. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या कथा ऐकायला फार सोप्या आहेत, वाक्यं छोटी, विज्ञान गोष्टीतच मुरलेलं. आमची ताई झेडपीच्या शाळेत शिकवते, तिनं त्यांची एक कथा वर्गात वाचून दाखवली आणि मला मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवली. मागं पोरांचा गलका, खिडकीबाहेर ट्रॅक्टर, पण ताई अवघड शब्दाआधी थांबते, मग तो शब्द नीट ठेवते, आणि गलका हळूहळू कमी होत जातो. त्या पैसे देऊन ऐकलेल्या सिंथेसायझरवाल्यापेक्षा ही रेकॉर्डिंग कितीतरी पटीनं सरस आहे.

हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होतेय, २०२३ ला केंद्रानं मंजुरी दिली, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या लहरी पकडायला. औंढ्याच्या पोरांना 'कृष्णविवर' आपल्या भाषेत, चांगल्या आवाजात ऐकायला मिळायला पाहिजे. ऑडिओ कंपन्यांनी म्युझिकवाल्याला द्यायचे पैसे वाचणाऱ्याला द्यावेत, त्याला कथा आधी दोनदा वाचू द्यावी, आणि जमलं तर नांदेड-परभणीकडचा एखादा आवाजही घ्यावा. मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.

ज्यांनी अजून काहीच ऐकलं नाही त्यांनी 'हेल मेरी'पासून सुरू करा. आधी फुकटचं सॅम्पल ऐका, पाच मिनिटांत पोर्टर तुम्हाला धरून ठेवतो की नाही ते कळेल.