ईयोब की विलापस्तोत्रे: दुःखात आधी काय वाचावे?

'निर्दोष माणसालाच का भोगावे लागते?' हा प्रश्न छळत असेल तर बायबलमधले ईयोबाचे पुस्तक उघडावे; निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या माणसाची ती कथा. देवाकडे गाऱ्हाणे मांडायला शब्द सुचत नसतील तर विलापस्तोत्रे, म्हणजे बायबलच्या स्तोत्रसंहितेतली दुःखाची स्तोत्रे. नुकताच आघात झालेल्या घरात मात्र आधी स्तोत्रेच बरी.

ईयोबाचे 42 अध्याय, त्यात बराचसा वादच. ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडले आणि 'पाप केलेस म्हणून भोगतोयस' सुरू झाले. देव 42:7 (अध्याय 42, वचन 7) मध्ये त्यांनाच चुकीचे ठरवतो. गफलत होते ती सुटी वचने उचलल्याने. सुरुवात लहान पण शेवट मोठा, असे सांगणारे 8:7 आशीर्वाद म्हणून हौसेने दिले जाते. बोलणारा बिल्दद आहे, आणि तीनच वचने आधी तो ईयोबाच्या मेलेल्या मुलांवर पापाचा ठपका ठेवतो! म्हणून आधी 1 ते 3 आणि 38 ते 42 सलग वाचा. मधले अध्याय कोण बोलतोय ते पाहून.

स्तोत्र 13 सहाच वचनांचे: तक्रार (1–2), मागणी (3–4), भरवसा (5–6). आजाऱ्याच्या उशाशी एका दमात वाचून होते. भरवशाकडे ओढण्याची घाई नको. 88 वे तर अंधारातच संपते. 22 व्याचे पहिले वाक्य येशूने वधस्तंभावर उच्चारले (मत्तय 27:46).

'का?' याचे उत्तर स्तोत्रे देत नाहीत. तसे ईयोबातही मिळत नाही. 38 व्या अध्यायात देव बोलतो तो उलट प्रश्नच विचारत.